पीएचक्यू-९ नीट कशी वापरायची: तयारी, टप्पे आणि नेहमीच्या चुका

समुपदेशन केंद्रात, दवाखान्यात, एम.ए.च्या इंटर्नशिपमध्ये नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली आता सगळीकडे दिसते. एक पान, नऊ प्रश्न, पाच मिनिटं. ती सोपी दिसते म्हणूनच तिचा वापर सर्रास चुकतो. बाहेरच्या बाकावर फॉर्म हातात दिला जातो, शेजारी नवरा किंवा सासू बसलेली असते. बेरीज रिसेप्शनवरचं कोणीतरी करतं, कागद फाइलला लागतो, आणि आत गेल्यावर बोलणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्यावर फॉर्म भरणाऱ्या बाईंनी केलेली खूण त्या दिवशी कोणाच्याही नजरेला पडत नाही.

हा लेख समुपदेशक, मानसशास्त्राचे विद्यार्थी आणि आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्यांसाठी आहे. घरी बसून स्वतःचं निदान करण्यासाठी तो नाही. माझं सांगणं एवढंच: आलेला आकडा त्याच सत्रात, त्याच माणसाशी बोलण्यात परत आला तरच ही प्रश्नावली उपयोगाची आहे. पुढचा सगळा क्रम त्यासाठीच आहे.

## टप्पा १: कशासाठी मोजताय ते आधी ठरवा

पीएचक्यू-९ तीन कामं करते. नैराश्य असण्याची शक्यता दाखवते, त्याची तीव्रता सांगते आणि उपचारादरम्यान होणारा बदल टिपते. निदान करणं हे तिचं काम नाही.

१० किंवा त्याहून जास्त गुण ही नेहमी वापरली जाणारी सीमा. क्रोएंके, स्पिट्झर आणि विल्यम्स यांच्या २००१ च्या मूळ अभ्यासात या सीमेवर संवेदनशीलता (नैराश्य असलेल्यांपैकी किती जण पकडले जातात) आणि विशिष्टता (नसलेल्यांपैकी किती जण सीमेखाली राहतात) दोन्ही ८८ टक्के होत्या. हा आकडा ऐकला की अनेकांना वाटतं, १० च्या वर गेलेल्या शंभरांतल्या ८८ जणांना नैराश्य असणार. तसं नाही. समजा, एखाद्या साध्या दवाखान्यात येणाऱ्या १०० जणांपैकी ७ जणांना खरंच नैराश्य आहे. त्यांपैकी साधारण ६ जण १० च्या वर जातील. उरलेल्या ९३ पैकी १२ टक्के, म्हणजे सुमारे ११ जणही वर जातील. एकूण १७ जण सीमेपलीकडे, आणि नैराश्य त्यांतल्या फक्त ६ जणांना. म्हणून १० च्या वरचा आकडा आला की पुढचं काम मुलाखतीचं. शिक्का मारायची घाई तिथे करायची नाही.

नुकतीच बाळंत झालेली बाई समोर असेल तर झोप, थकवा, भूक या प्रश्नांचे गुण बाळामुळेच वाढतात. तिच्यासाठी बाळंतपणानंतरच्या नैराश्याची एडिनबरा प्रश्नावली जास्त योग्य. चिंतेची लक्षणं ठळक असतील तर चिंता मोजणारी जीएडी-७ प्रश्नावली सोबत घ्या.

## टप्पा २: फॉर्म हातात देण्याआधीची तयारी

कागद. पीएचक्यू-९ वापरायला पैसे किंवा परवानगी लागत नाही. प्रमाणित मराठी भाषांतरच घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रतींमध्ये कधी ‘दोन आठवडे’ गळलेले असतात, कधी चार पर्यायांचे तीन झालेले असतात. अशा कागदावरच्या बेरजेला अर्थ नाही. नववा प्रश्न नसलेली पीएचक्यू-८ ही वेगळी प्रश्नावली आहे, तिचे गुण पीएचक्यू-९ म्हणून लिहू नका.

जागा. सोबत आलेल्या माणसाला आदरानं बाहेर बसवा. सगळ्यांसाठी एकच नियम असला की कोणाला वाईट वाटत नाही: “आमच्याकडे पहिली वीस मिनिटं एकेकट्याशीच बोलायची पद्धत आहे. नंतर तुमच्याशीही बोलते.” नवरा समोर असताना ‘घरच्यांना मान खाली घालायला लावली असं वाटतं का’ या प्रश्नाचं खरं उत्तर मिळत नाही.

गोपनीयता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार माहिती गुप्त राहण्याचा हक्क क्लायंटला आहे. जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद आहे. हा अपवाद फॉर्म भरण्याआधी सांगायचा: “इथलं बोलणं इथंच राहील. फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका वाटला तर मला एखाद्या माणसाला सांगावं लागेल, आणि तेही आधी तुम्हाला सांगूनच.” उत्तर मिळाल्यावर हे सांगणं म्हणजे विश्वासघात वाटतो, आणि त्यानंतर क्लायंट परत येत नाही.

आधीच ठरवलेली वाट. नवव्या प्रश्नावर शून्याहून जास्त खूण आली तर आज कोणाला फोन करायचा? सुपरव्हायझरचा नंबर, जवळचे मानसोपचारतज्ज्ञ आणि ते आज भेटतात का, रात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. हे सगळं एका चिठ्ठीवर टेबलाला चिकटवलेलं असू दे.

> तपासा: ही चिठ्ठी तयार नसेल तर आज फॉर्म देऊ नका.

## टप्पा ३: चौदा दिवस पक्के करा

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे शब्द वाचून पुढे गेलं की माणूस गेल्या वर्षाचं, नाहीतर कालच्या भांडणाचं उत्तर देतो.

कॅलेंडर समोर ठेवा आणि आजपासून मागे चौदा घरं बोट फिरवून दाखवा. गावात आठवडी बाजारासारखी दुसरी सोय नाही: “काकू, आज बाजार ना? गेल्या आठवड्याचा बाजार आणि त्याच्या आधीचा बाजार, तेव्हापासून आजपर्यंतचं विचारतेय.” शहरात पगाराची तारीख, मुलाची परीक्षा, घरातलं एखादं कार्य अशी खूण शोधा. याच काळात मृत्यू, बाळंतपण किंवा मोठं आजारपण झालं असेल तर फॉर्मच्या कडेला लिहून ठेवा. गुण वाचताना ते लागेल.

## टप्पा ४: प्रश्न विचारणं

क्लायंट स्वतः भरेल की तुम्ही वाचून दाखवाल हे नोंदवा, आणि पुढच्या वेळी तीच पद्धत ठेवा. स्वतः खूण करताना माणूस जे मान्य करतो ते समोरासमोर म्हणायला कचरतो. एकदा असं, एकदा तसं केलं की बदल प्रकृतीतला की पद्धतीतला हे कळणार नाही.

वाचून दाखवत असाल तर प्रत्येक प्रश्नाला चारही पर्याय म्हणा: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. चार वेगळ्या रंगांचं कार्ड केलं तर अक्षरओळख नसलेल्यांनाही बोट ठेवता येतं. “होतं की कधीकधी” या उत्तरावर थांबू नका. “कधीकधी म्हणजे या चौदा दिवसांतले किती?” असं विचारून दिवसांवर या.

नेहमी अडखळायला होतं ते प्रश्न असे:

पहिला, रस आणि आनंद. “काम तर करतेच ना, न करून सांगते कोणाला” हे उत्तर वारंवार येतं. ते काम करण्याबद्दलचं आहे, प्रश्न मन लागण्याबद्दलचा आहे. आधी मूळ वाक्य जसंच्या तसं वाचा, मग तिच्या दिवसातलं उदाहरण द्या: भजनाला जाणं, मालिका, नातवंडांशी खेळणं.

तिसरा, पाचवा आणि आठवा. यांत दोन उलट्या बाजू आहेत: झोप कमी किंवा जास्त, भूक कमी किंवा जास्त, संथपणा किंवा अस्वस्थता. कुठली बाजू आहे ते शेजारी लिहा. गुण सारखे आले तरी पुढची चौकशी वेगळी होते.

चौथा, थकवा. “दिवसभर राबल्यावर थकणारच की” म्हणून क्लायंट शून्य सांगतो, आणि समुपदेशकही मान डोलावतो. प्रश्नावली कारण विचारत नाही, थकवा होता का आणि किती दिवस, एवढंच विचारते. खूण करा, कारण नंतर शोधा.

सातवा, एकाग्रता. पेपर किंवा टीव्ही हे त्यातलं उदाहरण. ती सवय नसेल तर पोथी, हिशेब, शिवणकाम असं काहीतरी घ्या.

‘मन लागत नाही’, ‘जीव घाबरतो’, ‘अंगात त्राण नाही’, ‘डोकं भणभणतं’ असं जे बोललं जाईल ते त्याच शब्दांत कडेला टिपा. पुढे बोलताना तुमच्या शब्दांपेक्षा हे शब्द जास्त कामाला येतात.

> सावधान: “मरावंसं वगैरे नाही ना वाटत?” असं कधीही विचारू नका. या वाक्यात उत्तर ‘नाही’ असंच मागितलं आहे. वाक्य फॉर्मवर आहे तसं, इतर आठ प्रश्नांच्याच आवाजात वाचा.

## टप्पा ५: बेरजेआधी नववा प्रश्न पाहा

फॉर्म हातात आला की नजर पहिल्यांदा नवव्या प्रश्नावर गेली पाहिजे. एकूण गुण ६ आणि नवव्यावर १ असू शकतो. ‘सौम्य’ म्हणून तो कागद बाजूला जातो, आणि हीच चूक जिवावर बेतते.

शून्याहून जास्त काहीही असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून बोला. विचारल्यामुळे आत्महत्येचा विचार डोक्यात भरतो ही समजूत खरी नाही. उलट, कोणीतरी सरळ विचारलं याचा बहुतेकांना दिलासाच वाटतो. क्रम असा ठेवा:

1. “इथं तुम्ही ‘काही दिवस’ म्हटलंय. त्याबद्दल जरा सांगाल?” मग गप्प बसा आणि ऐका.
2. झोपेतच संपलो तर बरं असं वाटतं, की स्वतः जीव द्यावा असं?
3. कसं करायचं याचा विचार झाला आहे का? कधी, कुठे?
4. त्यासाठी लागणारी गोष्ट घरात किंवा हाताशी आहे का?
5. याआधी कधी प्रयत्न झाला आहे का?
6. आत्तापर्यंत कशानं थांबवलं?

या यादीतल्या पाचव्या प्रश्नावर क्लायंट आणि घरचे पोलिसांच्या भीतीनं गप्प बसतात. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार, तसं नसल्याचं सिद्ध होत नाही तोवर, प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानलं जातं आणि त्याच्यावर खटला चालत नाही. हे त्यांना सांगा.

योजना, साधन किंवा आधीचा प्रयत्न यांपैकी काही असेल तर त्या माणसाला एकटं घरी पाठवायचं नाही. विश्वासातलं माणूस बोलवा, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा, आणि पोहोचल्याचा फोन घ्या. साधन दूर करणं हा उपाय खरोखर जीव वाचवतो. शेतकरी घरात याचा अर्थ कीटकनाशकं घराबाहेर, कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. औषधांच्या गोळ्यांनाही हेच लागू.

> तपासा: केलेली विचारपूस, ठरलेली पावलं आणि कोणाशी बोललात ते वेळेसह लिहिलं का? नुसतं ‘धोका नाही’ ही नोंद पुरेशी नाही.

## टप्पा ६: बेरीज करा, मग प्रश्नवार वाचा

एकूण गुण ० ते २७. ० ते ४ किमान, ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम ते तीव्र, २० ते २७ तीव्र. एक किंवा दोन प्रश्न सुटले असतील तर उरलेल्यांची सरासरी तिथे धरतात. त्याहून जास्त सुटले तर बेरीज करायची नाही. नऊ प्रश्नांनंतर फॉर्मवर असलेला शेवटचा प्रश्न, या त्रासामुळे काम, घर आणि माणसांशी वागणं किती अवघड झालं हा, बेरजेत धरत नाहीत. तो वाचायचा मात्र विसरू नका.

दोन क्लायंटचे गुण १२ आहेत. एकाचे झोप, थकवा, भूक आणि संथपणा यांतून आले आहेत, दुसऱ्याचे रस नसणं, उदासी, अपराधीपणा आणि मरणाचे विचार यांतून. पहिल्याला हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी आधी सुचवा, चालू औषधं आणि दारूबद्दल विचारा. दुसऱ्याबाबत थांबायला वेळ नाही. दोघांनाही हे विचारा: आयुष्यात कधी असे सलग दिवस आले का, की झोप नसतानाही अंगात प्रचंड उत्साह, बोलणं सुसाट, पैसा उधळणं? उत्तर ‘हो’ असेल तर हा बायपोलर, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह आलटून पालटून येणारा आजार असू शकतो, आणि मानसोपचारतज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ७: आकडा क्लायंटसमोर ठेवा

हा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळलाच जातो. “तुम्हाला मॉडरेट डिप्रेशन आहे” असं सांगणं म्हणजेही आकडा समोर ठेवणं नव्हे. कागद दोघांच्या मध्ये ठेवा:

“काकू, तुम्ही सांगितलेल्या सगळ्याची बेरीज १४ झाली. या दोन आठवड्यांत तुम्ही बराच त्रास काढलाय असं यावरून दिसतं. सगळ्यात जास्त खुणा झोपेवर आणि ‘मी कोणाच्या कामाची नाही’ यावर आहेत. हे तुम्हाला पटतं का? की काही राहून गेलं?”

शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे. “झोपेचं एवढं नाही हो, खरं ते धाकट्याचं लग्न” असं काहीतरी तिथे बाहेर येतं, आणि उपचाराचं उद्दिष्ट त्यातूनच ठरतं.

## टप्पा ८: पुन्हा मोजा

प्रश्नावली चौदा दिवसांची आहे, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी मोजणं सोयीचं. इंग्लंडच्या सरकारी थेरपी सेवेत ती दर सत्राला भरून घेतात. तसं करायचं असेल आणि सत्र दर आठवड्याला असेल तर लागोपाठच्या दोन फॉर्ममधले सात दिवस सामाईक असतात हे ध्यानात ठेवा. ५ गुणांची घट हा दखलपात्र बदल मानतात. सुरुवातीच्या निम्म्यावर येणं म्हणजे उपचाराला चांगला प्रतिसाद, ५ च्या खाली येणं म्हणजे लक्षणं जवळपास ओसरली. १६ वरून १४ झालं यावर आनंद मानू नका आणि खचूही नका.

“मला क्लायंटकडे बघून कळतं” असं अनुभवी लोक म्हणतात. २००५ साली अमेरिकेत हे तपासलं गेलं. ५५० क्लायंटपैकी ४० जणांची स्थिती उपचाराअखेर खालावली होती. थेरपिस्टांनी आधी अचूक ओळखलं होतं ते फक्त एकाला. अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण बिघाड ओळखण्यात तो दगा देतो.

चार-पाच सत्रांत आकडा हलला नाही किंवा वाढला, तर सुपरव्हिजनला घेऊन जा. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्यासाठी सहा ते आठ सत्रांचा ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ राबवला गेला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पीएचक्यू-९ वर १४ पेक्षा जास्त गुण असलेले प्रौढ त्यात होते, आणि समुपदेशन करणारे व्यावसायिक मानसतज्ज्ञ नव्हते. ते एकमेकांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणं ऐकून त्यांना गुण देत. तीन-चार सहकाऱ्यांना, क्लायंटची लेखी संमती घेऊन, हे कुठेही जमण्यासारखं आहे.

## टप्पा ९: आकडा अडला तर नात्याकडे बघा

एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली थेरपीतल्या नात्याचे तीन भाग मांडले: उद्दिष्टावर एकमत, करायच्या कामांवर एकमत आणि आपुलकीचा बंध. २०१८ साली २९५ अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात या नात्याचा आणि उपचाराच्या परिणामाचा सहसंबंध सुमारे ०.२८ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). आकडा लहान दिसतो, पण थेरपीच्या संशोधनात इतका सातत्यानं सापडणारा दुवा विरळा.

आपल्याकडे बंध लवकर जुळतो, अडतं ते पहिल्या दोनांवर. मुलगी ‘झोप लागावी’ म्हणून आली आहे, आणि समुपदेशक तिच्या बालपणावर काम करतो आहे. ती मान डोलावते, गृहपाठ करत नाही, मग एक दिवस “मॅडम, या आठवड्यात पाहुणे आहेत” असा मेसेज येतो.

हे वेळीच कळावं म्हणून सत्र संपायच्या आधी पाच मिनिटं राखा. मिलर आणि डंकन यांच्या गटाची चार रेघांची सेशन रेटिंग स्केल यासाठी चांगली आहे: ऐकून घेतल्यासारखं वाटलं का, हवं त्याबद्दल बोलणं झालं का, पद्धत पटली का, आजचं एकूण सत्र कसं वाटलं. प्रत्येक रेघ १० सेंटिमीटरची, एकूण ४०. ३६ च्या खाली आलं तर त्याबद्दल बोलायचं.

आपल्याकडे अडचण उलटी येते. ‘सर’, ‘मॅडम’, ‘ताई’ यांना कमी गुण द्यायचे कसे, म्हणून चाळीसपैकी चाळीस मिळतात. त्यावर खूश होऊ नका. “कसं वाटलं?” याऐवजी असं विचारा: “आजच्या बोलण्यातलं काय तुमच्या उपयोगाचं नव्हतं? एक तरी गोष्ट सांगा, म्हणजे पुढच्या वेळी मी बदलेन.” क्लायंटनं काही सांगितलं तर समर्थन करू नका. “बरं झालं सांगितलंत” म्हणा आणि पुढच्या सत्राची सुरुवात त्या बदलानं करा. जुळलेलं नातं ताणलं जाऊन पुन्हा सांधलं गेलं तर उपचाराला मदतच होते.

> सावधान: तक्रार करण्याइतकंच, क्लायंटचं एकाएकी फार आज्ञाधारक होणं हेही नातं ताणल्याचं लक्षण असू शकतं.

## टप्पा १०: प्रबंधासाठी वापरत असाल तर

३० जणांचे आधीचे आणि नंतरचे गुण, मधे सहा सत्रं, गुण उतरले, म्हणून थेरपी उपयोगी. हा निष्कर्ष निघत नाही. माणसं मदतीला येतात तीच त्रास टोकाला गेल्यावर, आणि टोकावरचा आकडा बऱ्याचदा काही न करताही खाली येतो. तुलनेसाठी दुसरा गट हवा. तो जमणार नसेल तर ‘बदल नोंदवला’ एवढंच लिहा, ‘परिणाम झाला’ लिहू नका. सत्रं अर्धवट सोडलेल्यांचे गुण गाळू नका, कारण ज्यांना फरक पडला नाही ते बहुधा त्यांच्यातच असतात.

गूगल फॉर्मवर, नाव न विचारता पीएचक्यू-९ पाठवणं हा प्रकार फार वाढला आहे. रात्री दोन वाजता कोणीतरी नवव्या प्रश्नावर ‘जवळजवळ रोज’ निवडतं, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला तुमच्याकडे काहीच नसतं. नैतिक समितीकडे जाण्याआधीच हे ठरवा. संपर्क घेणार नसाल तर पीएचक्यू-८ वापरा. पीएचक्यू-९ च हवी असेल तर संमतीपत्रात फोन नंबर घ्या, उत्तरं रोज कोण उघडणार त्याचं नाव लिहा, आणि नववा प्रश्न शून्याहून जास्त आला तर २४ तासांत फोन करण्याची जबाबदारी मार्गदर्शकांच्या सहीनं ठरवून घ्या. दोन्ही बाबतींत, उत्तर काहीही असो, शेवटच्या पानावर १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरांत दिसला पाहिजे.